राजापूरची गंगा आणि शाळेतला संगणक

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या मुलखात येऊन कोकणातला मास्तर काय सांगणार, असे तुमच्यापैकी कुणाच्या मनात आले असेल तर त्यात काही वावगे नाही. मी राजापूर तालुक्यातला, रत्नागिरी जिल्ह्याचा. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तुमच्याकडे सातशे-आठशे वेळेवर पडला तरी वर्ष साधले म्हणतात. आमचे पीक भात आणि आंबा, तुमचे कापूस आणि ज्वारी. पण पोरे दोन्हीकडे जिल्हा परिषदेच्याच शाळेत जातात, आणि त्या शाळेत येणारा संगणक दोन्हीकडे एकाच वाटेने येतो. म्हणून बोलायला उभा आहे.

राजापूरचे नाव घेतले की जुन्या माणसांना तिथली गंगा आठवते. गावाशेजारी उन्हाळे म्हणून ठिकाण आहे, तिथे चौदा कुंडे आहेत. एरवी कोरडी ठणठणीत. साधारण तीन वर्षांनी एके दिवशी एकाएकी पाणी येते, कुंडे भरून वाहू लागतात. बातमी पसरते, लांबलांबून माणसे स्नानाला येतात, दुकाने लागतात. महिना-दोन महिने जातात आणि जशी आली तशी ती निघून जाते. अलीकडे तर तिचे वेळापत्रकही राहिलेले नाही. ती देवाची गोष्ट आहे, आम्ही हात जोडतो.

शाळेतला संगणक हा काही देव नव्हे. पण आमच्या गावांतून त्याचे येणे-जाणे मी अगदी गंगेसारखे पाहिले आहे. एके दिवशी टेम्पोतून खोकी उतरतात. हार घातला जातो, नारळ फुटतो, पाहुण्यांची भाषणे होतात, पोरे रांगेने येऊन एकेकदा कळ दाबून जातात. कोकणात हे काम पुष्कळदा मुंबईचे चाकरमानी करतात. कचेरीतले जुने संगणक निघाले की ते गावच्या शाळेला पाठवतात. भावना चांगली असते, कुणी नाव ठेवू नये. पुढे पावसाळा येतो. चार महिने भिंतींना ओल, आत बुरशी, वर विजा. तुमच्याकडे ओल नाही, पण धूळ आहे, आणि पत्र्याखालची मे महिन्यातली उष्णता आहे. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत बसते. ती बदलायचे पैसे कुठल्या खात्यातून घ्यायचे हे हेडमास्तरांना ठाऊक नसते. ज्या गुरुजींना यातले कळत होते त्यांची बदली होते. मग खोलीला कुलूप लागते, आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात एक वर्ष जाते.

हे काही एका शाळेचे किंवा एका सरकारचे गाऱ्हाणे नाही. देशात शाळांमध्ये संगणक पहिल्यांदा पद्धतशीर आणले ते १९८४ साली, ‘क्लास’ नावाच्या योजनेत, विलायतेहून बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे मागवून. पुढे २००४ पासून केंद्राची आयसीटी योजना आली. महाराष्ट्रात ती ५००, मग २,५००, मग ५,००० अशा टप्प्यांनी एकूण आठ हजार शाळांत गेली. रीत अशी की कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे चालवायची, शिकवायला माणूस द्यायचा आणि नंतर सगळे शाळेच्या हवाली करायचे. कंत्राट संपले तशी शिकवणारी माणसे घरी गेली. त्या शिक्षकांनी कामावर परत घ्यावे म्हणून आंदोलने केली, ती वर्तमानपत्रांत तुम्ही वाचली असतील. यंत्र शाळेच्या हवाली झाले आणि शिकवणारा बेकार झाला. बैल ठेवला आणि गडी काढून टाकला, तर औत चालेल का?

हा प्रश्न शेतकऱ्याचा का?

तुम्ही म्हणाल, कापसाला भाव नाही, ज्वारी पाखरे खातात, त्यात हे संगणकाचे काय घेऊन बसलात? तर आपल्याच कारभाराकडे पाहा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठी जो पेरा सातबारावर लिहायचा तो आता शेतकऱ्याने मोबाईलवर, शेतात उभे राहून, फोटोसकट भरायचा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, द्यायचे ठरवले. याद्या केल्या त्या या ई-पीक पाहणीवरून. ज्यांनी कापूस लावला होता, वेचला होता, विकला होता, पण मोबाईलवर नोंद केली नव्हती, त्यांची नावे यादीत नव्हती. ओरड झाली तेव्हा २०२४ मध्ये अट सैल केली. मग २०२५ चा हंगाम आला. सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ नावाच्या अ‍ॅपवर आधी नोंदणी, आणि कापूस घेऊन कधी यायचे ती तारीखही तिथूनच. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. बाहेर व्यापारी त्याच्या खाली मागत असताना मधल्या फरकाची किल्ली त्या अ‍ॅपमध्ये होती.

आता मनाशी आठवा, तुमच्या घरी ही नोंदणी कुणी केली? पुष्कळ घरांत ती आठवी-नववीतल्या पोराने किंवा पोरीने केली असेल. ज्या घरात असे पोर नाही तो केंद्रावर गेला, रांगेत उभा राहिला, पैसे मोजले. म्हणजे शाळकरी पोर हा आज शेतकऱ्याच्या घरचा कारकून झाला आहे. पूर्वी पत्र वाचून दाखवायला पोर लागायचे, तसेच हे. पण ज्या पोराच्या हातात आपण सातबारा, बँकेचे खाते आणि ओटीपी देतो, त्याला कळ कुठली दाबायची एवढेच ठाऊक आहे. नोंद चुकीच्या गटावर गेली तर ती का गेली, फोटो घेतला तेव्हा मोबाईलने जागा कुठली धरली, भरलेली माहिती कुणाकडे जाते, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. मोबाईलशी खेळणे आणि त्याच्याकडून काम करून घेणे यांत फार अंतर आहे. ‘असर’ची २०२४ ची पाहणी सांगते की ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला असे सांगणारी ५७ टक्के, आणि करमणुकीच्या समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी ७६ टक्के. तेव्हा पोरांना मोबाईल येत नाही ही आपली अडचणच नाही.

दोन वेगळ्या गोष्टी

शाळेत संगणक म्हटले की आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे संगणकाच्या मदतीने गणित, भाषा, विज्ञान शिकणे. दुसरी म्हणजे खुद्द संगणकाचे शास्त्र शिकणे. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण त्यांचे खतपाणी वेगळे आहे.

पहिलीबद्दल जगभर पुष्कळ पैसा ओतून झाला आहे, आणि निकालही आले आहेत. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत, मुलामागे एक अशी हिरवी-पांढरी लॅपटॉप यंत्रे दिली गेली. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगभर गाजलेले ते यंत्र. केंद्र सरकारने मात्र ती योजना २००६ मध्येच नाकारली होती. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने उलट केले, आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. पुढे ३१९ शाळा तपासल्या. मुलांच्या गणितात आणि भाषेत लॅपटॉपमुळे फरक पडलेला दिसला नाही. २०१२ साली हा अहवाल आला. पेरू आपल्यासारखाच गरीब शेतकऱ्यांचा डोंगराळ देश आहे, त्याला हा हिशेब परवडणारा नव्हता.

मग संगणकाने शिकणे फुकट आहे का? तसेही नाही. शेजारच्या गुजरातेत एक परीक्षा झाली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. एका संस्थेच्या शाळांत मुलांना संगणकावर गणिताचा सराव दिला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, बाईंच्या तासाच्या जागी दिला. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी, जादा म्हणून दिला. संगणक तोच, सराव तोच. जिथे जादा दिला तिथे मुलांची प्रगती झाली, आणि सगळ्यांत जास्त फायदा मागे पडलेल्या मुलांचा झाला. जिथे बाईंचा तास काढून दिला तिथे मुले होती त्याहून मागे गेली. खत तेच, पण शेणखताच्या जोडीला टाकले तर पीक येते, आणि शेणखत बंद करून नुसती पोती ओतली तर जमीन जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिल्लीतही २०१५ साली शाळेनंतरच्या केंद्रांत असा प्रयोग झाला. मूल सातवीत असले तरी त्याला चौथीचे गणित येत नसेल तर यंत्र ते ओळखून चौथीपासून सराव देत होते, आणि सोबत माणूस होता. साडेचार महिन्यांत मुले गणितात चांगलीच पुढे सरकली.

हे मी इतके लांबवून का सांगतो? कारण राजापूरसारख्या तालुक्यात गाव म्हणजे पाच-दहा वाड्या. मध्ये डोंगर, मध्ये वहाळ. वाडीच्या शाळेत कधी बारा मुले, कधी सात. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा दुसऱ्या शाळांत मिसळायचा निर्णय घेतला होता. त्यानंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची चर्चा सुरू झाली आणि २०२३ मध्ये समूह शाळांचा कागद निघाला. तुमच्याकडेही तांडे आहेत, पोड आहेत. अशा वेळी कुणीतरी पडदा घेऊन येतो आणि म्हणतो, ‘गुरुजी मिळत नाहीत तर राहू द्या, आम्ही पडद्यावर देशातला सर्वोत्तम शिक्षक दाखवतो.’ तेव्हा गुजरातचा दाखला लक्षात ठेवा. गुरुजींच्या जोडीला पडदा देत असाल तर घेऊ. गुरुजींच्या जागी देत असाल तर तो घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

टाळेबंदीत हे सगळ्यांनी पाहिलेच. कणकवली तालुक्यात डोंगरावर रेंज मिळते म्हणून तिथे झोपडी उभारून पोरगी तासाला बसली. आपण कौतुक केले, बातम्या दिल्या. पण तिच्यामागे ज्यांच्या घरी फोनच नव्हता त्यांची बातमी झाली नाही. सोलापुरात नीलमनगरच्या शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवून काढले, तेही तंत्रज्ञानच म्हणायचे, आणि त्याला रेंज लागत नाही.

संगणकाचे शास्त्र

आता दुसरी गोष्ट. संगणक शिकवणे म्हणजे काय, तर पत्र टाइप करणे आणि रंगीत चित्र काढणे असे पुष्कळ शाळांत धरले जाते. २००१ नंतर एमएस-सीआयटी आली. तिने खेड्यापाड्यात लाखो लोकांना माऊस धरायला लावले, हे तिचे उपकार आहेत. पण नोकरीला दाखला लागतो म्हणून दाखला, असेही तिचे होऊन बसले. शास्त्र त्याच्या पलीकडे आहे, आणि त्यातले पुष्कळसे यंत्राशिवाय, ओट्यावर बसून शिकवता येते.

एक उदाहरण देतो. गावात हजार खातेदार आहेत आणि त्यांची नावे क्रमाने लावलेली आहेत. त्यात एक नाव शोधायचे. पहिल्यापासून वाचत गेलात तर हजारदा पाहावे लागेल. पण मधले पान उघडा. नाव आधी आहे की नंतर, ते पाहा. अर्धी यादी सोडून द्या. उरलेल्याचे पुन्हा मधले पान. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, असे करत जास्तीत जास्त दहा वेळा पाहिले की नाव सापडते, नाहीतर ते यादीत नाही हे तरी पक्के कळते. दहा लाखांची यादी असेल तर वीस वेळा पुरेल. पण यादी क्रमाने लावलेली हवी. विस्कटलेल्या यादीला ही युक्ती चालत नाही. चौथीच्या पोरांना चिठ्ठ्या देऊन हा खेळ खेळवा, अर्ध्या तासात कळतो. तुमची नोंद यंत्रात क्षणात कशी सापडते याच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

दुसरे. कृषी खाते दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सातवीच्या पोराला सांगा, ‘यंत्राला समजेल अशा शब्दांत ही सूचना लिही.’ तो लिहील: पाऊस ७५ पेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर पेर. मग त्याला विचारा, अरे, हे ७५ एका दिवसात पडायचे की आठ दिवसांत मिळून? मधे आठ दिवस कोरडे गेले तर आधीचे धरायचे की सोडायचे? हलक्या जमिनीला आणि काळ्या जमिनीला एकच आकडा का? पोर घरी जाऊन आजोबांना विचारेल, आजोबा सांगतील, आणि सूचना चार ओळींची चौदा ओळींची होईल. आज्ञावली लिहिणे म्हणतात ते हेच. यंत्राला अडाणी धरून एकेक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते, आणि सांगता सांगता आपल्याला स्वतःला किती नीट कळले आहे ते उघडे पडते.

तिसरे, आणि हे मात्र यंत्रावरच करून घ्यावे, ते हिशेबाचे. समजा तीन एकर कापूस आहे. बियाण्याची सहा पाकिटे, २०२५ चा भाव ९०१ रुपये, झाले ५,४०६. उतारा समजा अठरा क्विंटल. वेचणी किलोला दहा रुपये, म्हणजे अठरा हजार. असा सगळा तक्ता पोराने एक्सेलमध्ये मांडला की मग गंमत पाहा. वेचणीचा दर दहाचा बारा करा, खालचा नफ्याचा आकडा आपोआप ३,६०० रुपयांनी उतरतो. कापसाचा भाव ८,११० च्या जागी ७,००० टाका, १९,९८० रुपये गेले. उताऱ्याचे अठराचे चौदा करा, आणि पाहा काय उरते. दहावीच्या आत प्रत्येक पोराने आपल्या बापाच्या शेताचा असा एक तक्ता मांडलेला असावा, एवढी माझी मागणी आहे. बाप किती राबतो आणि पदरात काय पडते, हे कुठल्याही धड्यात छापलेले नसते. शिवाय बाप पोराला बियाण्याचा आकडा सांगेल, खताचा सांगेल, आणि घरच्या माणसांच्या मजुरीचा रकाना आला की थांबेल. तो रकाना मोकळा ठेवू देऊ नका.

हे असे शिकवता येते का, याचा पुरावा पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. शिरूर तालुक्यातले पाबळ, पाण्याची ओढ असलेले गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली, नापास झालेली पोरे त्यांनी हाताशी घेतली. लोखंडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, जनावरे, माती-पाण्याची तपासणी, सगळे करत करत शिकायचे. हाच अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांत आठवड्यातला एक दिवस म्हणून गेला. २००२ साली त्याच पाबळात अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब निघाली, म्हणजे संगणकावर आराखडा करायचा आणि यंत्राने वस्तू कापून बनवायची. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. ती मुंबई-दिल्लीत निघाली नाही, कोरडवाहू गावात निघाली, कारण तिथे आधी वीस वर्षे हाताने काम करणारी पोरे तयार होत होती. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू राहिले.

वर्गणी मागायला येतील तेव्हा

‘डिजिटल शाळा’ करायची म्हणून लोकवर्गणी मागायला गुरुजी येतात. शेतकऱ्याने शाळेला दिलेच पाहिजे, आणि देतोही. कोरडवाहू गावांनी लाखालाखाची वर्गणी काढल्याचे मी ऐकले आहे. पण देताना हिशेब विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊणशे टक्के पालक असतात, निम्म्या बायका असतात. तिथे बसून विचारा. मोठा पडदा घेणार, मग वीजबिल कोण भरणार? बिल थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि कृषिपंपाच्या बिलाइतकेच शाळेच्या बिलाचे गाडे अडते. शंभर रुपये वर्गणी असेल तर साठ यंत्राला ठेवा आणि चाळीस पुढल्या तीन वर्षांच्या बॅटरीला, दुरुस्तीला आणि बिलाला बाजूला काढा. एका मोठ्या पडद्यापेक्षा चार साधे संगणक घ्या. पडद्यासमोर चाळीस पोरे बघत बसतात. संगणकासमोर दोन-तीन बसली तर हात चालतो. आणि गावातले संगणक शिकलेले एखादे पोर, जे आज पुण्याहून परत येऊन घरी बसले आहे, त्याला आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलवा. वर्गणीतला सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा तो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की पोरीच्या हातात मोबाईल द्यावा की नाही. ताई, ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची जी मुले-मुली स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के होत्या. घरी एकच फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून पोरीला घरी फोन द्यावा की नाही यावर घराघरात भांडत बसण्यापेक्षा शाळेत तिला संगणकापुढे बसायला मिळते की नाही ते आधी पाहा. जादा तास शाळा सुटल्यावर ठेवला तर वेचणीच्या दिवसांत पोरी त्याला येऊ शकत नाहीत. त्या शेतात असतात, नाहीतर आई शेतात म्हणून चुलीपाशी असतात. तेव्हा गुरुजींचा तास न काढता हा सराव बसवायचा तर तो सकाळी, शाळा भरण्याआधी पाऊण तास ठेवा. भिंतीवर तक्ता लावा, त्यावर पोरांची नावे, आणि कळपाटावर कोण किती वेळ बसले ते रोज तिथेच लिहायचे. महिन्याच्या बैठकीला समितीतल्या बायकांनी तो तक्ता खाली काढून मुलींच्या नावापुढची बेरीज करावी.